जुन्या सामानात सापडलेलं अनोळखी तंतुवाद्य कसं ओळखायचं

जुन्या सामानाच्या ढिगात कधीतरी तारांचं असं एखादं वाद्य हाताला लागतं की विकणाऱ्यालाही त्याचं नाव सांगता येत नाही, आणि घरी आणल्यावर आपण पहिलं काय करतो तर फोटो काढून इमेज सर्चला टाकतो. मग उत्तर येतं सतार, किंवा ल्यूट, किंवा नुसतंच गिटार. सर्च बाहेरचा आकार बघतो हो, आणि हाताने घडवलेल्या वाद्यात आकार हीच सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट असते, बनवणाऱ्याला जसा भोपळा मिळाला, जेवढा ओंडका मिळाला, जो पत्र्याचा डबा हाताशी होता तसा आकार झाला. नक्षीचंही तेच. घोड्याचं डोकं मंगोलियाच्या मोरिन खूरवर असतं आणि बाल्कन भागातल्या गुसलेवरही कोरलेलं दिसतं, दोन्ही वाद्यं गजाने, म्हणजे तारांवर घासायच्या केसांच्या काठीने, वाजतात, दोन्हीला घोड्याच्या केसांच्या तारा असतात, पण घडण एकदम वेगळी. म्हणून माझं म्हणणं असं की नावाच्या मागे लागू नका, तारेच्या मागे जा. तार कुठे बांधलीये, कशाकशावरून जाते, कुठे गुंडाळली जाते आणि तिचा आवाज नेमका कशातून बाहेर येतो हे शांतपणे बघितलं की अर्धी ओळख तिथेच पटते, उरलेली बरीचशी झिजेच्या खुणांमधून कळते.

पण त्याआधी दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. सैल तारा ओढून सुरात लावायला जाऊ नका, कारण मूळची आतड्याची किंवा रेशमाची तार काढून कुणीतरी नंतर स्टीलची चढवलेली असू शकते आणि स्टीलचा ताण त्या दांडीला, त्या कातड्याला झेपेलच असं नाही. कातडं सुकलेलं असेल तर एका झटक्यात फाटतं, सरेस वाळलेला असेल तर सांधा सुटतो. दुसरं म्हणजे पुसापुशी करू नका, निदान लगेच तरी नाही. धूळ आणि मळ हा पुरावा आहे. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज, हरवलेला असला तरी तिच्या पायांचे ठसे मळाच्या रेघेने तबलीवर, म्हणजे पोटाच्या वरच्या फळीवर, उमटलेले असतात, त्यावरून ती किती रुंद होती आणि कुठे बसायची हे समजतं. ओल्या फडक्याने पुसलं की गेलं ते सगळं.

फोटो काढा भरपूर, पण समोरून एकच देखणा फोटो काढून उपयोग नाही. पाठीमागून हवा, दोन्ही बाजूंनी हवा, खुंट्यांचा पुढून आणि मागून हवा, तारा खाली जिथे बांधल्यात त्या जागेचा जवळून हवा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक हवा. आवाजाच्या भोकातून आत टॉर्च मारून मोबाईलच्या कॅमेऱ्याने आतलं जे दिसेल ते घ्या. आतली बाजू कधी खोटं बोलत नाही, बाहेर पॉलिश करून, शिंपला बसवून कितीही नटवलं तरी आत पटाशीचे घाव आहेत की मशीनची गुळगुळीत रेघ आहे, प्लायवूडचे थर दिसतात की अख्खं लाकूड आहे, कुठे छापील कागद किंवा पेन्सिलीची खूण आहे, हे सगळं आत जसंच्या तसं राहिलेलं असतं.

आता तार. १९१४ साली एरिक फॉन हॉर्नबॉस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघांनी वाद्यांची एक वर्गवारी मांडली, ती आजही संग्रहालयं वापरतात, आणि तिची गंमत अशी की तिला वाद्याचं नाव, गाव काही लागत नाही, फक्त रचना लागते. आपल्याला त्यातलं थोडंच पुरतं. पहिला प्रश्न, वाद्याला मान आहे का? म्हणजे पोकळ पोट आणि त्यातून निघालेली दांडी, तारा दोन्हींवरून जाणाऱ्या, असं असेल तर ते ल्यूट घराणं. सतार, गिटार, व्हायोलिन, सारंगी, ऊद, बँजो सगळे इथेच येतात. मान नाहीच, तारा अख्ख्या खोक्यावरून किंवा फळीवरून किंवा बांबूवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या, तर झिदर घराणं, म्हणजे संतूर, स्वरमंडल, कानून, फिनलंडचं कांतेले ही मंडळी. पोटातून दोन हात वर निघालेत आणि त्यांच्यावर आडवी दांडी टाकून तारा तिला बांधल्यात, तर ते लायर, जसं इथिओपियाचं क्रार किंवा दहा तारांचं मोठं बेगेना. आणि तारा तबलीला समांतर न जाता तबलीतून सरळ वर उठून वाकलेल्या मानेकडे गेल्या असतील तर हार्प, जसं म्यानमारचं साउंग. पश्चिम आफ्रिकेतला कोरा मात्र या चौकटीत सहज बसत नाही, अर्धा मोठा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, लांब दांडी आणि कातड्यावर उभी केलेली उंच खाचांची घोडी, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २१ तारा. त्याला हार्प-ल्यूट म्हणतात. अशी उंच उभी घोडी आणि दोन बाजूंना खाचा दिसल्या की दुसरीकडे शोधत बसायची गरज नाही.

एक प्रकार मात्र लोक हमखास चुकवतात. छोटं नळकांडं, तळाला कातडं, कातड्याच्या मधोमध भोक आणि त्यातून ओवलेली एकच तार वरच्या खुंटीला. हे आपलं तुणतुणं, आपल्याला लगेच कळतं, पण याच रचनेचे भाऊबंद वेगळ्या रूपात आले की गोंधळ होतो. बांबूची दोन चिरलेली पातं चिमट्यासारखी खाली येऊन नळकांड्याला जोडलेली असतील तर ते बंगालच्या बाऊल गायकांचं गोपीयंत्र, पातं दाबली की ताण कमीजास्त होऊन सूर हलतो. आणि खुंटीच नाही, तारेच्या मोकळ्या टोकाला हातात धरायचा छोटा गट्टू आहे, तर खमक. खुंटी गायब झालीये असं समजून लोक त्याला नवीन दांडी बसवायला जातात, ते करू नका, ते वाद्य तसंच असतं, काखेत धरून तार हाताने ताणायची.

वाद्य ल्यूट घराण्यातलं निघालं, आणि बहुतेक वेळा तेच निघतं, तर पुढचा प्रश्न ते छेडायचं की गजाने वाजवायचं. गज हरवलेला असतो बऱ्याचदा, त्यामुळे नुसतं वाद्य बघून ठरवावं लागतं. घोडीकडे बघा. घोडीची वरची कड कमानीसारखी असेल, म्हणजे मधली तार उंच आणि कडेच्या खाली, तर गज एकेका तारेला वेगळा लागावा म्हणून ती तशी केलीये. कड सपाट सरळ असेल तर छेडायचं वाद्य, निदान तीन-चार तारा असतील तर. एक-दोन तारा असल्या की हा नियम चालत नाही. मग कंबर बघा, पोटाला दोन्ही बाजूंनी आत खाच असेल तर ती बहुतेक गजाला वाट म्हणून असते, पण इथे घाई करू नका कारण अफगाणी रबाबलाही खाच असते आणि तो जव्याने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या तुकड्याने, वाजतो. चिनी अर्‍हूत तर गजाचे केस दोन तारांच्या मधून गेलेले असतात, गज वाद्यापासून सुटा होतच नाही, त्यामुळे तो सोबत असेल तर प्रश्नच मिटला. घोडीच्या आसपास पांढरट चिकट भुकटी साचलीये का तेही बघा, ती गजाला लावायच्या राळेची असते आणि ती छेडायच्या वाद्यावर सापडायचं काही कारण नाही. उलट तबलीवर तारांच्या खाली एका बाजूला ओरखड्यांचा पट्टा असेल तर तिथे पट्टी किंवा जवा वर्षानुवर्षं घासलाय.

बोटं कुठे पडायची हेही झिजेवरून कळतं. दांडीवर तारांच्या खाली खळगे पडलेत म्हणजे तार दांडीवर दाबून वाजवायचे. दांडी स्वच्छ, तारा तिच्यापासून इतक्या उंच की दाबून टेकतच नाहीत, तर तार हवेतच अडवायची, सारंगीत नखाच्या मुळाशी कडेने अडवतात, अर्‍हूत बोटाच्या टोकाने. रावणहत्थ्यालाही पडदे, म्हणजे दांडीवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्या, नसतात, नारळाच्या करवंटीचं पोट, बांबूची दांडी आणि गजाला बांधलेले घुंगरू, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की तो रावणहत्थाच.

पोट कसं केलंय हा मला सगळ्यात आवडणारा भाग, कारण इथे कारागिराचा हात दिसतो. लाकडाच्या पोटाचे तीनच मोठे मार्ग आहेत. एकाच ओंडक्याला आतून कोरून काढायचं, किंवा पातळ पट्ट्या वाकवून कलिंगडाच्या फोडींसारख्या शेजारी शेजारी जोडायच्या, किंवा वेगळी पाठ, वेगळ्या कडा, वेगळी तबली असं खोकं बांधायचं. कोरलेलं असेल तर पाठीवर लाकडाची रेघ अखंड पळते, मधे सांधा नाही. सारंगी, रबाब, सरिंदा, बल्गेरियाची गदुल्का ही सगळी कोरीव. तुतीचं लाकूड इराण, अफगाणिस्तानपासून मध्य आशियापर्यंत फार वापरतात, रबाबही त्याचाच आणि तार नावाचं इराणी वाद्यही त्याचंच. पट्ट्यांचं पोट ऊदचं, आणि आजच्या बऱ्याच तुर्की साजचंही, म्हणजे तिथल्या लांब दांडीच्या वाद्याचंही. खोकं व्हायोलिन-गिटारवाल्यांचं. ऊद ओळखायला अजून सोपा, पडदे नाहीत आणि खुंट्यांची पेटी मागे जवळजवळ काटकोनात मोडलेली. पोटच अॅल्युमिनियमचं, भांड्यासारखं गोल, वरती बँजोसारखं कातडं ताणलेलं असेल तर ते बहुतेक तुर्कस्तानचं जुंबुश, १९३० च्या सुमाराचं डिझाइन, त्याला कोणी घरगुती जुगाड समजून टाकून देऊ नका.

तबलीच्या जागी कातडं असेल तर कातड्याचीही चौकशी करायची. मोठे एकसारखे खवले दिसतात म्हणजे अजगराचं, मग वाद्य चीनकडचं किंवा ओकिनावाचं असायची शक्यता जास्त. लहान डबीसारखं षटकोनी किंवा गोल पोट आणि दोन तारा म्हणजे अर्‍हू, तीन तारा आणि छेडायचं असेल तर चीनचं सानशिएन किंवा ओकिनावाचं सानशिन. त्याचाच जपानी नातेवाईक शामिसेन, चौकोनी पोट, गुळगुळीत कातडं, आणि त्याची मान बऱ्याचदा तीन तुकड्यांत सुटी होते, ते तुकडे बघून मोडलेलं वाद्य समजू नका, सांधे इतके चोख बसतात की मुद्दाम केलेत हे हात लावल्यावर कळतं. आठच्या आकड्यासारखं दोन वाट्यांचं पोट, दोन्हींवर पातळ कातडं आणि सहा तारा असतील तर ते तार नावाचं इराणी वाद्य. पाठीला खरंच प्राण्याचं कवच आहे, आणि दोन-दोनच्या पाच जोड्या मिळून दहा तारा आहेत, तर तो अँडीज पर्वतातला चारांगो, पूर्वी तो आर्माडिलोच्या कवचाचा करायचे, आता बहुतेक लाकडाचाच.

खुंट्या मोजताना एक चूक फार होते, सगळ्या मिळून एक आकडा लिहितात. मोठ्या खुंट्या वेगळ्या मोजा आणि बारीक वेगळ्या. बारीक खुंट्यांची रांग दांडीच्या कडेला असेल तर त्या तरफेच्या तारांच्या, म्हणजे ज्या बोटाने वाजवत नाहीत, मुख्य सुराबरोबर आपोआप गुणगुणतात. तारा तुटून गेल्या असल्या तरी घोडीत बारीक भोकांची रांग राहते आणि तेवढा पुरावा पुरतो. सारंगीला मुख्य तारा तीन आणि तरफेच्या पस्तिसाच्या आसपास. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला वरती चार आणि खालून चार किंवा पाच, शिवाय अंगभर काळ्या शाईची वेलबुट्टी, त्यामुळे ते लांबून नटवलेलं व्हायोलिन वाटतं पण खुंट्या आठ-नऊ असतात. खुंट्या कुठून घातल्यात हेही लिहून ठेवा, बाजूने पेटीत, की मागून पुढे, की साजसारख्या काही समोरून आणि काही बाजूने. चौकोनी डोक्याच्या लोखंडी पिना ओळीने ठोकल्या असतील तर त्या चावीने फिरवायच्या, मग तुम्ही परत झिदर घराण्यात गेलात.

आता पडदे, आणि इथे मोजपट्टी हातात घ्याच. मेरूपासून, म्हणजे वरती तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथपासून, घोडीपर्यंतचं अंतर मोजा. समजा ६०० मिलिमीटर आलं. नेहमीच्या बारा सुरांच्या वाद्यात पहिला पडदा मेरूपासून सुमारे ३३.७ मिमीवर यायला हवा, दुसरा ६५.५ वर, पाचवा १५० च्या जवळ, सातवा २०० च्या जवळ आणि बारावा बरोब्बर अर्ध्यावर ३०० वर. अंतरं घोडीकडे जाताना कमी कमी होत जातात. कुठलीही लांबी असली तरी पाव अंतरावर मध्यम, एक तृतीयांशावर पंचम आणि अर्ध्यावर वरचा षड्ज, हे बदलत नाही कारण ते तारेचंच गणित आहे. घोडी हरवली असेल तर हेच उलटं वापरा, अर्ध्यावरचा पडदा सापडला की त्याच्या दुप्पट अंतरावर घोडी होती.

या मोजमापातून खूप काही बाहेर येतं. ३३.७ आणि ६५.५ च्या मधे, साधारण ५० मिमीवर अजून एक पडदा निघाला तर ते वाद्य अशा संगीतासाठी केलंय जिथे अर्ध्या सुराच्या मधले सूर लागतात, म्हणजे तुर्की साज, इराणी सेतार, त्या बाजूची वाद्यं, आणि तिथे पडदे आतड्याचे किंवा नायलॉनच्या दोऱ्याचे दांडीला गुंडाळून बांधलेले असतात म्हणजे सरकवता येतात. उलट पडदे मधूनच गायब, मोठं अंतर, मोठं, छोटं, परत मोठं असा क्रम, तर फक्त सात सुरांचे पडदे आहेत. लांबट खोकं, मांडीवर आडवं ठेवायचं, मधोमध उंच पट्टी, तीन-चार तारा आणि असे पडदे म्हणजे अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगराळ भागातलं डल्सिमर किंवा त्याचे युरोपातले चुलते. आणि सगळे पडदे एकसारख्या अंतरावर ठोकलेत असं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका पण ते वाद्य वाजवण्यासाठी केलेलंच नाही, भिंतीवर लावायची शोभेची वस्तू आहे, कारण समान अंतरावरच्या पडद्यांवर गाणं निघूच शकत नाही. शोभेच्या वस्तूच्या अजून खुणा म्हणजे खुंट्या फिरत नाहीत, चिकटवलेल्या असतात, पोट आतून पोकळच नसतं किंवा जाड फळीची तबली असते, बोटांची झीज कुठेच नाही आणि नक्षी मात्र जिथे हात घासायला हवा तिथेही चकचकीत शाबूत.

वय ठरवताना जरा दमाने घ्या. तारांवरून वय काढू नका, त्या बदलतातच. सरेसाचे पिवळट कडक कण सांध्यात दिसले तर जुनी पद्धत, पण सरेस आजही कारागीर वापरतात. त्यापेक्षा जी गोष्ट अमुक सालाच्या आधी नव्हतीच ती शोधा. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा, त्यामुळे तो मूळचा असेल, म्हणजे भोवतीचं पॉलिश अखंड असेल आणि दुसरं जुनं भोक नसेल, तर वाद्य त्यानंतरचं.  लेबलवर देशाचं नाव असेल तर फारच बरं, पश्चिम जर्मनी लिहिलंय म्हणजे १९४९ ते १९९० मधलं, चेकोस्लोव्हाकिया म्हणजे १९१८ ते १९९२, आणि नुसतं देशाचं नाव इंग्रजीत छापलंय तर ते निर्यातीचं असायची शक्यता मोठी, कारण अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. कारागिराच्या नावाच्या लेबलवर मात्र डोळे झाकून विश्वास नको, स्त्रादिवारी या इटलीच्या प्रसिद्ध व्हायोलिन कारागिराचं नाव छापलेली कारखान्यातली व्हायोलिनं जगभर ढिगाने पडलीयेत. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात फिरवून बघा, लाखेचं पॉलिश नारिंगी चमकतं आणि नंतरची दुरुस्ती किंवा नवा थर वेगळ्या रंगाने उठून दिसतो.

हाताने केल्यासारखी दिसणारी पण कारखान्यातली अशी काही वाद्यं आहेत ज्यांच्यामुळे लोक महिनोन्‌महिने चुकीच्या दिशेने शोधत बसतात. त्यातलं एक युकेलिन, अमेरिकेत १९२० च्या दशकापासून दारोदार विकलं गेलेलं, लांबट खोकं, एका बाजूला सोळा तारा गजाने वाजवायच्या आणि दुसरीकडे चार-चारच्या चार जुड्या बोटाने छेडायच्या. हे बघून कुठल्यातरी दूरच्या जमातीचं वाद्य वाटतं, आणि असतं ते कारखान्याचं. दुसरं टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, ते जपानच्या नागोयात १९१२ साली मोरिता गोरो यांनी केलेल्या ताइशोगोतोच्या वंशातलं, आपल्याकडे त्याचंच बुलबुलतरंग झालं. व्हायोलिनला पोटाऐवजी पत्र्याचा कर्णा असेल तर ते स्ट्रो व्हायोलिन, १८९९ चं पेटंट, रेकॉर्डिंगसाठी केलेलं. अशा वाद्यांवर पेटंट नंबर, तारांखाली छापलेले सूर, नाहीतर गोंद लावून चिकटवलेल्या चित्रांचे अवशेष असतात, ते शोधा.

आणि मग खरीखुरी घरगुती वाद्यं, ज्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. सिगारच्या डब्यातून काठी आरपार घालून केलेली गिटार, तेलाच्या डब्याची गिटार, दक्षिण आफ्रिकेत डब्याच्या गिटारला रामकी असं नावही आहे. मादागास्करच्या वालिहाला बांबूचीच साल उचलून तारा करायचे, आता सायकलच्या ब्रेकच्या केबलचे पिळे उलगडून लावतात, आणि ती केबल बघून कोणी ते नकली म्हणेल तर ते चूक आहे, तीच आजची रीत आहे. घरगुती वाद्यात मी आधी एवढंच बघते की करणाऱ्याला ऐकू येत होतं का. पडदे जागेवर आहेत का, घोडीची उंची घासून घासून नीट केलीये का, तुटलेली खुंटी बदललीये का. असं असेल तर ते कोणीतरी खरंच वाजवलंय, आणि माझ्या लेखी ते सुबक शोभेच्या सारंगीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

एक उदाहरण पूर्ण करून बघू, म्हणजे हे सगळं एकत्र कसं लागतं ते कळेल. समजा एक वाद्य मिळालं, विकणारा म्हणतो लहान सतार आहे. लांब दांडी, त्यावर धातूचे एकोणीस पडदे, जरासे कमानदार, दोऱ्याने बांधलेले म्हणून सरकणारे. इथपर्यंत सतार पटते. पण पोट भोपळ्याचं नाही, कोरीव लाकडाचं आणि वरती कातडं आहे, सतारीला लाकडाची तबली असते, तिथेच पहिली शंका. मोठ्या खुंट्या फक्त चार, आणि दांडीच्या एका कडेला जोडलेल्या वेगळ्या पट्टीवर बारीक खुंट्या तेरा, म्हणजे तरफ आहे. घोडी मिळाली ती पातळ, कमानदार आणि अंगात बारीक भोकं असलेली, सतारीची घोडी रुंद आणि सपाट असते जिच्यावर घासून जवारी, म्हणजे तारेची झणझण, काढतात, ही तशी नाहीच. पोटाला दोन्ही बाजूंनी खाच, आणि खाचेच्या कडेला पॉलिश उडून लाकूड उघडं पडलंय, जिथे गज मागेपुढे घासत असणार. घोडीजवळ राळेची भुकटीही सापडली. म्हणजे पडदे असलेलं गजाचं वाद्य, तरफ असलेलं, कातड्याच्या पोटाचं. आता दोनच नावं उरली, दिलरुबा किंवा इसराज, आणि पोट सारंगीसारखं चौकोनी-रुंद असेल तर दिलरुबा, लहान आणि गोलसर असेल तर इसराज. बघा, नक्षी, रंग, लेबल काहीच लागलं नाही.

हेच वाद्य कोणीतरी सपाट घोडी बसवून आणि सहा गिटारच्या तारा चढवून दिलं असतं तर? असं होतं, बऱ्याच वेळा होतं. मग जुन्या भोकांकडे बघायचं. बुजवलेली भोकं, रिकाम्या खाचा, तबलीवर दुसऱ्याच रुंदीच्या घोडीचा ठसा, तार बांधायच्या जागी जास्तीचे खिळे, या खुणा आधीचं आयुष्य सांगतात. आणि अशा वेळी उत्तर असं लिहायचं, मूळ हे, नंतर बदलून ते. दोन्ही खरं आहे.

एवढी माहिती जमली की मग सर्च करा, पण फोटोने नाही, शब्दांनी. कोरीव पोट, कातडं, तीन मुख्य तारा, कडेच्या खुंट्या अमुक, लांबी तमुक, असं. मिमो नावाचा एक ऑनलाइन डेटाबेस आहे ज्यात अनेक संग्रहालयांची वाद्यं एकत्र शोधता येतात, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा आणि लंडनच्या हॉर्निमन म्युझियमचा संग्रहही ऑनलाइन बघता येतो, आणि तिथे मापंही दिलेली असतात जी आपल्या मापांशी पडताळता येतात. कोणाला विचारायचं असेल तर त्या त्या घराण्याचं वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारा, वादकाला आवाज कळतो पण सांधा कारागिरालाच कळतो. प्रश्न विचारताना "हे काय आहे" एवढंच लिहू नका, तुम्ही काय काय मोजलं ते द्या, उत्तर देणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो आणि तो मनापासून उत्तर देतो.

वाद्य दुसऱ्या देशात पाठवायचं किंवा विकायचं असेल तर आधी साहित्य तपासा. हस्तिदंत, कासवाचं कवच, अजगराचं कातडं, काही जातींचं शिसम यांच्या देशाबाहेरच्या व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत. ब्राझीलचं शिसम १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे, बाकीच्या शिसमांच्या तयार वाद्यांना २०१९ मधे सूट मिळाली. हाड आणि हस्तिदंत यातला फरक भिंगाने बघा, हाडात बारीक काळपट ठिपके-रेघा दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी दिसते. तापलेली सुई टोचायचा सल्ला कोणी देतं, तो ऐकू नका, डाग कायमचा राहतो.

शेवटी जे काही ठरलं ते कागदावर लिहून वाद्याच्या सोबत ठेवा, वाद्यावर चिकटवू नका. कुठे मिळालं, कधी, विकणाऱ्याने काय सांगितलं, तुमची मापं, तुम्हाला काय वाटतं आणि कशावरून वाटतं. नाव नक्की नसेल तर नक्की नाही असंच लिहा, "छेडायचं, कोरीव पोट, दोन तारा, बहुतेक मध्य आशियातल्या दोंब्राच्या जवळचं" हे उत्तरसुद्धा पूर्ण उत्तर आहे, आणि पुढे ज्याच्या हातात ते जाईल त्याला तिथून पुढे शोधता येईल.